जंघाबल : पदविहार आणि वार्धक्य

आचार्य शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात साधूने भक्तप्रत्याख्यान, म्हणजे क्रमाक्रमाने आहाराचा त्याग, केव्हा स्वीकारावा याची कारणे दिलेली आहेत. असाध्य व्याधी, दुष्काळ, उपसर्ग ही कारणे अपेक्षितच होत. त्यांच्याच ओळीत ग्रंथकार आणखी तीन सांगतात : डोळे दुबळे होणे, कान दुबळे होणे आणि जंघाबल सरल्यामुळे विहार करता न येणे. जरेचाही उल्लेख आहे, पण तो श्रामण्याला बाधा आणणारी जरा असा आहे. अमुक वर्षे झाली म्हणजे साधू वृद्ध झाला, असे तेथे म्हटलेले नाही. श्वेतांबर परंपरेतील ‘व्यवहारसूत्र’ मात्र आकडा देते. साठ वर्षांचा साधू तो जातिस्थविर, आणि स्थविराला काठी, छत्र, चर्म अशी काही साधने बाळगण्याची मोकळीक. दोन्ही परंपरांनी चालणाऱ्याच्या वार्धक्याचा विचार इतक्या बारकाईने केला, कारण जैन साधूचे चालणे हा त्याचा प्रवास नसून त्याचे व्रत आहे.

चातुर्मासाचे चार महिने एका ठिकाणी आणि उरलेले आठ महिने गावोगाव विहार, हा क्रम साधूच्या आयुष्यभर चालतो. त्यात ईर्यासमिती पाळावयाची. सूर्यप्रकाशात, जीवजंतू नसलेल्या वाटेने, पुढची चार हात भूमी न्याहाळत पाऊल टाकावयाचे. म्हणजे पाय जितके महत्त्वाचे तितकेच डोळेही. हे ध्यानात घेतले की शिवार्यांनी डोळे आणि जंघाबल एकत्र का मोजले याचा उलगडा होतो.

श्रावकांची तीर्थयात्रा याहून वेगळी. ती संघाने होत असे, आणि रेल्वेपूर्व काळात तिच्यातून परत येणे गृहीत धरलेले नसे. गुजरातचा महामात्य वस्तुपाल याने शत्रुंजयाच्या अनेक यात्रा केल्या. इ. स. १२४० च्या सुमारास, उतारवयात आणि आजारी असताना, तो पुन्हा शत्रुंजयाकडे निघाला आणि वाटेतच अंकेवालिया येथे त्याचा देहान्त झाला. कवी बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात इ. स. १६०४ च्या सुमाराची हकिकत आहे. शाहजादा सलीमचा जवाहिऱ्या हीरानंद मुकीम याने सम्मेदशिखरजीला संघ नेला. त्या संघातील पुष्कळ लोक आजारी पडले, काही दगावले. कवीचे वडील खरगसेनही रुग्णाईत होऊनच घरी परतले. धनिक संघपती, गाड्या, चाकर-माकर सोबत असूनही हा अनुभव. मग सामान्य वृद्ध श्रावक शिखरजीला निघताना घरच्यांची कायमची क्षमा मागून निघत असेल तर त्यात नवल ते काय?

एकोणिसाव्या शतकात गिरिडीहपर्यंत रेल्वे पोचली आणि दक्षिणेतील श्रावकालाही शिखरजी आवाक्यात आली. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे सातगौडा पाटील वयाच्या सुमारे बत्तिसाव्या वर्षी अशाच यात्रेला गेले. पहाड चढताना एक वृद्धा थकून बसली होती. या बलदंड तरुणाने तिला पाठीवर घेऊन वंदना घडविली, असा प्रसंग चरित्रकारांनी दिला आहे. याच यात्रेत त्यांनी तूप व तेल यांचा आजन्म त्याग केला. हे सातगौडा म्हणजेच पुढे चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराज.

त्यांच्या जीवनक्रमात वयाचा हिशेब लक्षणीय आहे. जन्म १८७२ चा. संसारातून बाहेर पडण्याची ओढ तरुणपणीच होती, परंतु मातापित्यांच्या इच्छेखातर ते घरी राहिले. क्षुल्लकदीक्षा उत्तूर येथे झाली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. पुढे गिरनारच्या यात्रेत त्यांनी ऐलकपद स्वीकारले आणि परतीच्या वाटेवर कुंडल क्षेत्री वाहनाचा कायमचा त्याग केला. बहुतेक माणसे ज्या वयात बैलगाडीऐवजी मोटारीची वाट पाहू लागतात, त्या वयात त्यांनी चाके सोडली. १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली, तेव्हा ते सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. १९२४ मध्ये समडोळी येथे आचार्यपद प्राप्त झाले.

आणि मग १९२७ चा विहार. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आचार्यश्री कुंभोज-बाहुबलीहून ससंघ शिखरजीकडे निघाले. मुंबईचे शेठ पूनमचंद घासीलाल जव्हेरी यांच्या परिवाराने संघाच्या व्यवस्थेचा भार उचलला. परंतु व्यवस्था कितीही चोख असली तरी दिगंबर मुनीच्या पायांना तिचा उपयोग थोडाच. पादत्राण नाही, वस्त्र नाही, दिवसातून एकदाच उभ्याने हाताच्या ओंजळीत आहार आणि पाणीही त्याच वेळी. त्यात अंतराय आला तर तेही नाही. दुसऱ्या दिवशीची मजल मात्र तितकीच. हिवाळ्याचे दिवस होते म्हणून उन्हाचा ताप कमी, पण उघड्या देहाला थंडी तेवढीच अधिक. नागपूरमार्गे चालत संघ १९२८ च्या फाल्गुनात शिखरजीला पोचला. तेथे मोठा पंचकल्याणक महोत्सव झाला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पहाडावर त्यांनी दुसऱ्याला पाठीवर वाहिले, तोच पहाड आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आणि दीर्घ पदविहारानंतर ते चढत होते. सुमारे ४,४८० फूट उंचीच्या या पारसनाथ पहाडाची वंदना म्हणजे मधुवनपासून चढणे, टोंकांचे दर्शन आणि उतरणे मिळून सत्तावीस किलोमीटरचा फेरा. तरुण यात्रेकरूही त्यानंतर दोन दिवस जिने उतरताना कण्हतो.

शिखरजीहून ते लगेच परतले नाहीत. कटनी, ललितपूर, मथुरा, दिल्ली असे १९२८ ते १९३१ चे चातुर्मास झाले, नंतर राजस्थान. १९३७ मध्ये नाशिकजवळील गजपंथा क्षेत्री त्यांना ‘चारित्रचक्रवर्ती’ ही पदवी अर्पण झाली, तेव्हा ते पासष्टीत होते. एका यात्रेसाठी दक्षिणेतून निघालेली पावले दहा वर्षे चालतच राहिली. शतकानुशतके दिगंबर मुनींचा मुक्त विहार जेथे दुर्मीळ झाला होता त्या उत्तर भारताने पुन्हा तो पाहिला, तो एका साठीच्या घरात पोचलेल्या साधूच्या रूपाने.

याच पिढीतील पूज्य गणेशप्रसादजी वर्णी (जन्म १८७४) यांचेही स्मरण येथे अपरिहार्य आहे. बुंदेलखंडात पाठशाळांचे जाळे उभारणारे वर्णीजी सत्तरी उलटल्यावरही पायी दूरवर फिरले. अखेरची वर्षे मात्र त्यांनी शिखरजीच्या पायथ्याशी ईसरी येथे काढली आणि १९६१ मध्ये तेथेच समाधी घेतली. चालणे केव्हा थांबवावे हेही जाणत्या साधकाला ठरवावे लागते.

आज श्रावकांमध्ये वृद्धांची यात्रा बहुधा डोलीने होते. काही श्वेतांबर संघांत वयोवृद्ध साधु-साध्वींसाठी चाकाच्या खुर्चीचा स्वीकार झाला आहे, आणि त्यावर मतभेदही आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढे मात्र नोंदवावेसे वाटते की शिखरजीची डोली उचलणाऱ्यांत पहाडाच्या परिसरातील आदिवासी बांधव मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्यातही पन्नाशीचे लोक असतात. डोलीत बसणाऱ्याचे वय सर्व विचारतात. खांद्याखालच्या गुडघ्यांचे वय क्वचितच कोणी विचारतो. सातगौडांच्या पाठीवरील त्या वृद्धेची कथा प्रवचनांतून वारंवार सांगितली जाते, म्हणून हा उल्लेख.

आचार्य शांतिसागरांचा शेवटचा मुक्काम कुंथलगिरी येथे झाला. कुलभूषण व देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी धाराशिव जिल्ह्यात आहे. शिखरजीच्या मानाने टेकडी लहान. १९५५ मध्ये त्यांचे वय त्र्याऐंशी होते. एवढ्या वयातही त्यांना थांबविले ते पायांनी नव्हे. दृष्टी मंदावली होती. पुढची चार हात भूमी स्पष्ट दिसेना, पावलाखाली जीव येतो की नाही हे कळेना. शिष्यांनी हात धरून नेले असते, समाजाने डोळ्यांसाठी हवा तो वैद्य आणला असता. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांनी ईर्यासमिती पाळता येत नाही, आणि अहिंसा महाव्रतात उणेपणा आणून देह राखावा हे त्यांना मान्य नव्हते. १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना स्वीकारली. त्याच महिन्यात आचार्यपद दूर जयपूरला असलेल्या शिष्य वीरसागर मुनींकडे सोपविले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. तो सुमारे बावीस मिनिटांचा आहे. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या छत्तिसाव्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास कुंथलगिरीवर त्यांची समाधी झाली.