जामखेड प्रकल्प आणि ग्रामीण आरोग्यसेवेतील नेतृत्वाचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर भारतातील आरोग्यव्यवस्थेची उभारणी मुख्यत्वे भोर समितीच्या १९४६ च्या शिफारशींवर झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राची संकल्पना या समितीचीच होय. मात्र ही रचना डॉक्टरकेंद्रित राहिली आणि डॉक्टर खेड्यात जाण्यास फारसा उत्सुक नव्हता. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली सुरू झालेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

प्रकल्पाचे संस्थापक डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर होते. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा येतात, असे त्यांच्या निदर्शनास आले. आजाराचे मूळ दूषित पाणी, कुपोषण व दारिद्र्य यांत असेल, तर केवळ रुग्णालय चालवून काय साधणार? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासानंतर ते जामखेडला आले ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत नेमले. हा प्रयोग फसला, कारण बाहेरून आलेल्या तरुण मुलींचे गाव ऐकेना. त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, काही दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. बाळंतपण, जुलाबावरील घरगुती जलसंजीवनी, बालकांचे वजन या गोष्टी शिकत असतानाच जातीची बंधनेही सैल होत गेली. हा परिणाम वैद्यकीय फलिताइतकाच मोलाचा मानावा लागेल. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिकांसाठी दलित वस्तीतील जागा निवडण्यामागेही हीच दृष्टी होती. सवर्णांना पाण्यासाठी तेथे जाणे भागच पडले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या कार्याची दखल घेतली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे नेतृत्वाचा अर्थ अधिकार हाती ठेवणे असा नसून तो सोडून देणे असा होता. डॉक्टरी पेशाला हे सहज मानवणारे नव्हते.

शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू केलेल्या समुदाय आरोग्यसेवक योजनेने जामखेडसारख्या प्रयोगांतून सेवकाची कल्पना घेतली, पण निवड बहुतांशी पुरुषांची झाली आणि मासिक मानधन ५० रुपये ठरले. योजना पुढे निष्प्रभ झाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ म्हणून स्त्री पुन्हा केंद्रस्थानी आली. तथापि तिची कामे वरून ठरतात आणि मोबदला बराचसा कामागणिक मिळतो. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. जामखेडच्या सेविकाही नियमित पगारावर अवलंबून नव्हत्या, हे खरे. परंतु त्यांना उत्पन्नाची अन्य साधने मिळवून देण्याचे काम प्रकल्पाने केले होते. त्यामुळे त्यांचा दाखला देऊन आशांच्या अल्प मोबदल्याचे समर्थन करता येत नाही.