एका विभागातील दोन घरे

पुणे जिल्ह्यातील आंदर मावळात टाकव्याहून ठोकळवाडी जलाशयाकडे जाताना दगड-मातीची कौलारू घरे आणि काँक्रीटच्या सांगाड्यावरचे नवे बंगले शेजारी शेजारी दिसतात. भूकंपाच्या नकाशाने मात्र दोहोंना एकच आकडा दिला. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत पुणे जिल्हा तिसऱ्या विभागात होता. या विभागाचा गुणांक ०.१६, म्हणजे संभाव्य मोठ्या हादऱ्यात जमिनीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या १६ टक्के गृहीत धरलेले.

हा आकडा जमिनीचा आहे, इमारतीचा नव्हे. प्रत्येक इमारतीला झुलण्याचा स्वतःचा कालावधी असतो. मानकातील सूत्रानुसार १२ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या चौकटीचा तो सुमारे ०.४८ सेकंद, तर ३० मीटर उंचीच्या चौकटीचा ०.९६ सेकंद येतो. हीच दुसरी इमारत कातळाऐवजी मऊ मातीवर उभारली, तर हिशेबातील बल १.६७ पट होते. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत तळमजला मोकळा ठेवलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, त्या उगाच नव्हे.

बैठ्या दगडी घराचे दुखणे निराळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची तीव्रता ६.२ होती, बळी मात्र सुमारे दहा हजार. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा बोजा झोपलेल्या माणसांवर आला. त्या वेळी किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते!

कोयनेची कथाही अशीच. धरणाच्या आराखड्यात भूकंपगुणांक ०.०५ धरला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी धरणातील यंत्राने आडव्या दिशेत गुरुत्वीय त्वरणाच्या ६० टक्क्यांहून अधिक त्वरण नोंदवले. धरण टिकले, पण उतार बदलतो त्या उंचीवर भेगा पडल्या. कोयना परिसर चौथ्या विभागात गेला तो त्यानंतर.

मावळातील जुन्या घरांसाठी उपाय महागडा नाही. दगडी बांधकामात दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि फार तर १.२ मीटर अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवावेत, तसेच दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा घ्यावा, असे भारतीय मानक १३८२८ ने किल्लारीच्याच वर्षी सांगितले आहे.