उंबरठ्याबाहेर गेलेल्या लहरी

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तिथे राहत होता एक अमेरिकी नागरिक. त्याच्या घरचे वायफाय बिनपासवर्डचे होते आणि मेल पाठवणारे हात भलत्याच कुणाचे होते. घराचे दार बंद असले तरी घरचे इंटरनेट जिन्यात आणि रस्त्यावरही पोहोचते, हे त्या दिवसांत महाराष्ट्राला पहिल्यांदा नीट कळले.

ही मोकळीक या तंत्राच्या जन्मातच आहे. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मायक्रोवेव्ह भट्ट्या जिथे चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना दळणवळणासाठी खुला केला. नेदरलँड्समध्ये एनसीआर कंपनीचे अभियंते तेव्हा दुकानांतली गल्लायंत्रे तारांशिवाय जोडण्याच्या खटपटीत होते. त्यांच्यातलेच विक हेज पुढे दहा वर्षे बिनतारी जाळ्यांचे मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष राहिले. १९९७ मध्ये पहिले मानक आले. वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. दोनच वर्षांत तो ११ वर गेला.

पण नुसत्या लहरींनी इंटरनेट वाटून घेता येत नाही. सेवा पुरवणारी कंपनी घराला एकच पत्ता देते आणि घरात यंत्रे चार. मग आलेला मजकूर नेमका कोणाचा? मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत राहणाऱ्या दहा-वीस जणांची पत्रे जशी खोलीवाल्याच्या नावाने ‘मार्फत’ यायची, तसाच तोडगा १९९४ साली कागदावर मांडला गेला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरावर राउटर आपलाच पत्ता घालतो, कोणत्या यंत्राने काय मागितले याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवतो. घरातल्या यंत्रांना वापरायचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही १९९४ मध्येच राखून ठेवले गेले. आज जगभर लाखो घरांत तेच आकडे नांदत आहेत आणि कुणाचा कुणाशी घोळ होत नाही. गौरव वायफायच्या वाट्याला येतो, पण खरी करामत या मार्फतच्या वहीची आहे.

जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी इंटरनेट चालू असलेला आयबुक लॅपटॉप उचलला आणि तार कुठेच नाही हे दाखवायला तो एका रिंगणातून आरपार नेला. सोबत विकायला काढलेल्या २९९ डॉलरच्या एअरपोर्ट पेटीत टेलिफोनचा मोडेम आतच बसवलेला होता. फोनची एक तार पेटीत खोचली की घरभर इंटरनेट!

आपल्याकडे मात्र १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सेवा सुरू केल्यावर पुढची कितीतरी वर्षे घरात इंटरनेट लावले की फोन अडकायचा. ती मंद धार आणखी वाटून घेणार कशी? चित्र पालटले जानेवारी २००५ मध्ये. त्याच महिन्यात केंद्राने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि बीएसएनएलने २५६ किलोबिटची डेटावन सेवा आणली. मुंबईत एमटीएनएलचे ट्रायबँड आले. आपल्या घरगुती वायफायचा जन्म या जानेवारीतच मानायला हवा.

कुलूप मात्र मागे राहिले. पहिल्या पिढीचे डब्ल्यूईपी हे कूटरक्षण किती कच्चे आहे, ते २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिले होते. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ हे भक्कम कुलूपही आले. तरी पेटीतून काढला, तार लावली आणि लगेच चालू झाला, असाच राउटर लोकांना हवा होता. अशा राउटरचे दार सताड उघडे असे. सानपाड्यानंतर २००८ च्याच ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे जाळे तशाच मेलसाठी वापरले गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर उतरले आणि कोणाचे वायफाय उघडे आहे ते शोधू लागले. पाठोपाठ दूरसंचार खात्याच्या सुरक्षाविषयक सूचनाही निघाल्या.

आता फायबर जोडायला आलेला मुलगा भिंतीवर पेटी ठोकतो, हिरवा दिवा लागायची वाट पाहतो आणि विचारतो, “काका, पासवर्ड काय ठेवू?”