शेवटचा डबा

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. डिस्कवरचे ब्लॉक कोणाच्या मालकीचे, ते रिकामे कधी झाले म्हणायचं आणि दुसऱ्याला कधी द्यायचे, याचा हा इतिहास. आमच्या घरी मी हा विषय काढला की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. पण या प्रकरणात मी एका सज्जन माणसाला चुकीचं उत्तर दिलं होतं आणि ते कधीतरी लिहून टाकायचंच होतं. तेव्हा सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी मी इथे सॅन होजेजवळ एका लहानशा कंपनीत होतो. (नाव सांगत नाही.) आमचा धंदा व्हर्च्युअल मशीनचा. म्हणजे गिऱ्हाइकाचा अख्खा कॉम्प्युटर दुसऱ्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवायचा. पोटातल्या कॉम्प्युटरला वाटतं आपल्याला खरी डिस्क आहे, पण ती डिस्क म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरवरची नुसती एक मोठी फाइल असते. तिला डिस्क इमेज म्हणतात. गिऱ्हाइकाने ५०० जीबीची डिस्क मागितली तरी इमेज सुरुवातीला एवढीशीच असते आणि लिहाल तशी वाढते. त्यासाठी इमेजच्या आत एक खतावणी ठेवावी लागते : पोटातल्या डिस्कचा अमुक तुकडा इमेजमध्ये तमुक जागी आहे. शिवाय प्रत्येक जागेपुढे एक आकडा, ती किती जण वापरताहेत त्याचा. आकडा शून्य झाला की जागा मोकळी आणि मागेल त्याला द्यायला तयार.

आमच्या गिऱ्हाइकांत एक दातांचा दवाखाना होता. एके दिवशी तिथल्या डॉक्टरांचा निरोप आला की काही पेशंटांचे एक्स-रे उघडत नाहीत. मी लॉग पाहिले, आमच्या बाजूला सगळं आलबेल दिसलं, आणि मी ठणकावून कळवलं : तुमची डिस्क खराब झाली आहे, बदला. त्यांनी बिचाऱ्यांनी बदलली. पैसे अर्थातच त्यांचे. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच.

या वेळी मात्र मी बिघडलेल्या एक्स-रेची फाइल उघडून आत काय आहे ते पाहिलं, आणि पोटात गोळा आला. मधला एक तुकडा एक्स-रेचा नव्हताच. तिथे चक्क अपॉइंटमेंटची यादी होती, नीट वाचता येणारी, एकही अक्षर न बिघडलेली. आणि तो तुकडा बरोबर ६४ केबीच्या हद्दीवर सुरू होऊन ६४ केबीच्या हद्दीवर संपत होता. डिस्क मरते तेव्हा ती चूक दाखवते किंवा कचरा देते. शेजाऱ्याचं सामान नीट घडी घालून आपल्या कपाटात ठेवत नाही. आमच्या इमेजमधला तुकडासुद्धा ६४ केबीचाच होता. म्हणजे चोर घरातलाच.

पुढचं सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्या आठवड्यात मी तोच वाचत बसलो होतो. (बॉसला वाटलं मी काम करतोय. करतही होतो म्हणा.)

ही कथा आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर, बर्कलीच्या विद्यापीठात सुरू होते. तिथे एव्हान्स हॉल नावाची एक कुरूप काँक्रीटची दहा मजली इमारत आहे. भूकंपाच्या दृष्टीने ती धोक्याची ठरलेली आहे. याच इमारतीत बसून बर्कलीच्या मंडळींनी युनिक्सची नवी फाइल सिस्टिम केली. मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री या चौघांचा त्यावरचा निबंध १९८४ सालचा. जुन्या युनिक्सच्या ५१२ बाइटच्या ब्लॉकांमुळे डिस्कच्या वेगाचे जेमतेम दोन टक्के हाती लागत, नव्या रचनेत ते ४७ टक्क्यांपर्यंत गेले. सगळे निबंधातल्या या आकड्यांचंच कौतुक करतात. मला मात्र त्यातली वेळखाऊ गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. फाइल पुसली की आधी तिच्या नोंदीतले ब्लॉकचे पत्ते कोरे करून ती नोंद डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबायचं, आणि मगच ते ब्लॉक मोकळे झाले म्हणायचं.

एवढं थांबायचं कशाला? समजा, तुम्ही एक पत्र पुसलंत. त्याचा ब्लॉक लगेच माझ्या फाइलला दिला गेला, आणि तुमची कोरी केलेली नोंद डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली. वीज आल्यावर डिस्कवर काय दिसणार? तुमचं पत्रही त्याच ब्लॉककडे बोट दाखवतंय आणि माझी फाइलही. एकाच खोलीचे दोन भाडेकरू, आणि दोघांकडे पावती. मशीन सुरू होताना तपासणी करणारा एफएससीके हा प्रोग्राम अशा ब्लॉकला डुप्लिकेट म्हणतो आणि सहसा दोन्ही फाइली बाद करायला निघतो. याहून वाईट प्रकार म्हणजे नवीन फाइलमध्ये काही लिहून व्हायच्या आतच वीज गेली तर तीत तुमचं जुनं पत्र मला वाचायला मिळतं! विद्यापीठातल्या एका कॉम्प्युटरवर शेकडो मुलं काम करत होती तेव्हा ही काही पुस्तकी काळजी नव्हती.

थांबणं सुरक्षित, पण महाग. लिनक्सच्या एक्स्ट-टू या १९९३ सालच्या फाइल सिस्टिमने थांबणंच सोडून दिलं, म्हणून ती वेगवान, आणि वीज गेली की देवाचं नाव घ्यायचं. थांबायचं नाही आणि घोटाळाही होऊ द्यायचा नाही, यावर मिशिगनमध्ये ग्रेग गँगर आणि येल पॅट यांनी तोडगा काढला. १९९४ साली त्यांनी तो मांडला, आणि १९९९ मध्ये मॅक्युसिक आणि गँगर यांनी बर्कलीच्या फाइल सिस्टिममध्ये तो बसवल्याचं सांगितलं. त्याचं नाव सॉफ्ट अपडेट्स. कोणतं लिखाण कोणाच्या आधी जायला हवं याची यादी मेमरीत ठेवायची, आणि डिस्ककडे सवडीने पण त्याच क्रमाने पाठवायचं. त्याचे तीन नियम आहेत. त्यातला मधला आमच्या कामाचा : एखाद्या जागेकडे दाखवणारी सगळी जुनी बोटं खाली आल्याशिवाय ती जागा पुन्हा वापरायची नाही.

याचा एक गमतीदार परिणाम फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांनी अनुभवला असेल. मोठी फाइल पुसली तरी डिस्कवर जागा मोकळी झालेली लगेच दिसत नाही. अर्ध्या मिनिटाने दिसते. लहान डिस्कवर जुने प्रोग्राम पुसून नवे टाकताना त्यामुळे जागा संपायची, म्हणून मुख्य पार्टिशनवर सॉफ्ट अपडेट्स सुरुवातीला बंदच ठेवत. लोक वैतागत. पण जागा दिसत नव्हती कारण ती खरोखरच अजून मोकळी झालेली नव्हती.

लिनक्सने दुसरी वाट धरली, रोजकीर्द ठेवण्याची. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये ती आखली, आणि २००१ च्या नोव्हेंबरात एक्स्ट-थ्री या नावाने ती लिनक्स २.४.१५ मध्ये आली. नोंदी बदलायच्या आधी त्यांची नक्कल रोजकीर्दीत लिहायची. वीज गेली तर रोजकीर्द वाचून पुन्हा उतरवून काढायची. छान! पण हाच प्रश्न मागच्या दाराने आत आला. एका डिरेक्टरीचा ब्लॉक रोजकीर्दीत लिहिला. मग ती डिरेक्टरी पुसली, ब्लॉक मोकळा झाला आणि कोणाच्या तरी साध्या फाइलला मिळाला. फाइलचा मजकूर सहसा रोजकीर्दीत जात नाही, थेट जागेवर जातो. आता वीज गेली. परत आल्यावर प्रामाणिक कारकुनाप्रमाणे रोजकीर्द जुन्या डिरेक्टरीची नक्कल उतरवते, नव्या मजकुराच्या छाताडावर. त्यासाठी रोजकीर्दीत एक खास रद्द-नोंद आणावी लागली : या ब्लॉकची याआधीची कुठलीही नक्कल उतरवू नये.

आता डिस्क इमेज. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये क्यूईएमयू आणलं. त्याच्या क्यूकाऊ-टू या इमेजची रचना मी वर सांगितली तशीच आहे : ६४ केबीचे तुकडे, दोन पातळ्यांची खतावणी आणि वापराचे आकडे. सुरुवातीला अशा इमेजमधली जागा क्वचितच मोकळी व्हायची. इमेज नुसती फुगत जायची, आणि जिथे कोणी घर सोडतच नाही तिथे भाडेकरूंची भांडणं होत नाहीत. पण एसएसडी डिस्क आल्या आणि पुसलेली जागा डिस्कला कळवण्याची रीत पडली (विंडोज ७ मध्ये, २००९ साली, ती होतीच). पोटातले कॉम्प्युटरही मग बाहेरच्याला सांगू लागले की हे तुकडे आता नकोत, आणि इमेजमधल्या जागा भराभर रिकाम्या होऊ लागल्या.

आमच्या कंपनीची इमेज वेगळी होती, पण चालरीत हीच. रात्री आमचा एक सफाईचा प्रोग्राम फिरायचा. सगळी शून्यं भरलेला तुकडा दिसला की खतावणीतून काढायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि जागा मोकळी करायची. दवाखान्याचा बॅकअपही रात्रीच चालायचा. मग घडायचं ते असं. अपॉइंटमेंटची यादी लिहायला एक हुकूम निघाला. त्याने खतावणीत जागा पाहिली, कुलूप परत लावलं आणि लिखाण डिस्ककडे रवाना केलं. ते वाटेत असतानाच सफाईवाला आला. तुकड्यात अजून शून्यंच, म्हणून त्याने नियमाप्रमाणे कुलूप काढून जागा मोकळी केली. लगेच एक्स-रेच्या फाइलने जागा मागितली, तिला हीच मिळाली आणि एक्स-रे लिहून झाला. आणि मग वाटेतलं ते जुनं लिखाण जुन्या पत्त्यावर येऊन पोचलं. यादी खतावणीतून गायब आणि एक्स-रेच्या छातीवर हजर. आकडे अगदी बरोबर, कुलपं अगदी बरोबर. म्हणून तर लॉगमध्ये सगळं आलबेल होतं.

हे मी रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. आमचे बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते, मिरजेकडच्या एका एकेरी लाइनीवरच्या लहान स्टेशनावर. त्यांना डिस्कमधलं ओ की ठो कळत नाही, पण शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "अरे, मग तुमच्याकडे शेवटचा डबा कोण बघतो?"

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला ब्लॉक सेक्शनच म्हणतात. (हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला, आणि तरीही!) त्या तुकड्यात जायचं तर तेव्हा ड्रायव्हरकडे लोखंडी गोळा लागायचा. दोन्ही टोकांची यंत्रं तारेने जोडलेली असायची. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचा नाही. इंग्लंडमध्ये १८७४ साली थॉर्प इथे एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर धडकून २५ माणसं मेली, त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायरने अशा यंत्राचं पेटंट घेतलं. आमच्या घरात 'लाइन क्लिअर' हा शब्द संडासाच्या रांगेसाठीसुद्धा वापरायचे.

"गोळा आला म्हणजे गाडी आली असं नसतं," बाबा म्हणाले. "गोळा इंजिनात असतो. मालगाडी मध्ये तुटली तर इंजिन गोळा घेऊन स्टेशनात येतं आणि मागचे चार डबे सेक्शनातच उभे असतात. म्हणून शेवटच्या डब्यावर एलव्हीची पाटी असते. ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कधी लाइन क्लिअर दिलं नाही."

"बाबा, आमच्या यंत्रात पाटीच नव्हती," मी म्हणालो.

आम्ही पाटी लावली ती अशी. प्रत्येक तुकड्यापुढे मेमरीत दुसरा एक आकडा ठेवला, त्याच्याकडे किती लिखाणं वाटेत आहेत याचा. लिखाण निघताना, कुलूप हातात असतानाच, एक वाढवायचा; पोचल्याची खबर आली की एक कमी करायचा. मोठं लिखाण चार तुकड्यांत मोडून गेलं असेल तर चौथा पोचेपर्यंत कमी करायचा नाही. जागा दुसऱ्याला द्यायची ती दोन्ही आकडे शून्य झाल्यावरच. शिवाय वाटेत काही असेल तर सफाईवाल्याने त्या तुकड्याला हातच लावायचा नाही, नाहीतर यादी हरवायची ती हरवतेच. हा दुसरा आकडा डिस्कवर लिहावा लागत नाही. वीज गेली तर वाटेतली लिखाणंही गेलीच. डिस्क नेटवर्कपलीकडे असेल तर मात्र जपावं लागतं : वेळ टळून गेलेलं लिखाण मेलं असं आपण समजतो आणि ते दहा सेकंदांनी धापा टाकत येतं.

क्यूईएमयूच्या लोकांपुढेही २०२१ मध्ये अगदी हाच पेच होता, आणि तिथेही दोन वाटा मांडल्या गेल्या. एक अशी वाटेतल्या लिखाणांची मोजदाद. दुसरी म्हणजे मोकळं करणाऱ्याने आधी निघालेली सगळी लिखाणं पोचेपर्यंत दाराशी थांबायचं. दुसरी समजायला सोपी, पण एका आळशी लिखाणासाठी सगळी सफाई खोळंबते. आम्ही पहिली घेतली. आजही घेईन, जरी त्यात चुकायला जास्त जागा आहेत.

डॉक्टरांना मी पत्र लिहिलं की डिस्क चांगली होती, दोष आमचा होता. डिस्कचे पैसे कंपनीने परत केले, त्यासाठी मला थोडं भांडावं लागलं. बरेचसे एक्स-रे जुन्या बॅकअपमधून मिळाले. काही मिळाले नाहीत आणि त्या पेशंटांना परत बोलवावं लागलं. डॉक्टरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिलीत आभार होते. दुसरीत विचारलं होतं की आधीची डिस्क त्यांनी फेकून दिली, ते बरोबर केलं का. त्याला मी काय उत्तर देणार?

नवीन प्रोग्राम लागल्यावर पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. सफाई झाली तरी जागा लगेच मोकळी दिसत नाही म्हणून. सपोर्टमधली मुलगी वैतागून माझ्याकडे आली. मी तिला फ्रीबीएसडीची गोष्ट सांगायला बसलो, तर ती म्हणाली, तेवढा वेळ नाही, एका ओळीत सांग. मी म्हटलं, त्यांना कळव, गाडी अजून सेक्शनात आहे.

तिने ते तसंच्या तसं कळवलं, आणि मग आणखी तक्रारी आल्या.