टीबीची तपासणी: दोन महिन्यांपासून दोन तासांपर्यंतचा प्रवास



"डॉक्टर, बेडका द्यायला कसंतरीच वाटतं. टीबीची रक्ताची तपासणी नाही का होत?" मुलुंडमध्ये प्रॅक्टिस करताना हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. त्याचं उत्तर इतिहासात दडलेलं आहे, म्हणून आज थोडं मागे जाऊ या.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं टीबी शोधण्याचं मुख्य साधन एकच होतं: बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तपासणी स्वस्त आणि सोपी. पण जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे सुरुवातीचा आजार अनेकदा निसटायचा. शिवाय हा जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे काचपट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी कल्चर करावं लागे. टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, म्हणून रिपोर्टला सहा ते आठ आठवडे लागत. तोवर पेशंट घरात, ऑफिसात आणि लोकलच्या गर्दीत खोकत असे.

या उशिराची किंमत मुंबईने मोजली आहे. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या सगळ्याच औषधांना त्यांचे जंतू दाद देत नव्हते. चारपैकी तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून, अनेकदा चुकीच्या डोसमध्ये, एकेक औषध वाढवत दिलं गेलं होतं. कोणतं औषध चालेल हे न कळता इलाज केला की जंतू शिरजोर होतो.

आता रक्ताच्या तपासणीकडे येऊ. त्या काळात रक्तातल्या अँटीबॉडी बघून टीबी सांगणारी किट बाजारात जोरात चालत होती. रिपोर्ट झटपट मिळे, पण भरवशाचा नसे. टीबी नसलेल्यांना औषधं सुरू होत आणि टीबी असलेले सुटून जात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही किट वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. झटपट रिपोर्ट आणि बरोबर रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा.

मग झटपट आणि बरोबर, दोन्ही कसं जमलं? जंतू वाढण्याची वाट न बघता त्याचा डीएनए शोधून. पीसीआर या तंत्रात डीएनएच्या तुकड्याचे एकाचे दोन, दोनाचे चार असे पट होत जातात. वीस वेळा दुप्पट झालं की एका तुकड्याचे दहा लाखांवर तुकडे होतात, आणि मग तो सहज ओळखता येतो. या तत्त्वावरच्या जीनएक्सपर्टला (सरकारी केंद्रांतलं 'सीबीनॅट') जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, ही दोन्ही उत्तरं सुमारे दोन तासांत मिळू लागली. अडचण एवढीच, की मशीनला एसी आणि अखंड वीज लागते.

ती अडचण आपल्या शेजारच्या गोव्यात सुटली. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जचं संशोधन आणि वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं उत्पादन यांतून 'ट्रूनॅट' तयार झालं. छोटं मशीन, बॅटरीवर चालणारं, छोट्याशा चिपवर पीसीआर करणारं. साधारण तासाभरात टीबीचं उत्तर मिळतं. टीबी निघाला तर दुसऱ्या चिपवर आणखी तासाभरात रिफाम्पिसिनचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी हीच मशीन कोविडच्या तपासणीलाही कामी आली.

तरी मशीनच्या मर्यादा लक्षात ठेवा. मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो, म्हणून औषधं लागू पडली का हे बघायला ही तपासणी वापरत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि मशीनला नुसती लाळ दिली तर ते काय सांगणार?

तेव्हा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट किंवा बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेऊ नका. काही अँटिबायोटिक्स टीबीला तात्पुरतं दाबतात आणि निदान लांबतं. सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा आणि तपासायला द्या. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि टीबीची औषधं मोफत आहेत.

थोडं कसंतरी वाटेल, पण तुमच्या घरच्यांसाठी तेवढं कराच.