बंदूक, कडी आणि कॉलर : मध्य भारतातील प्राणिवर्तनाच्या अभ्यासाची वाटचाल

प्राण्यांचे वर्तन मोजायचे कसे, या एकाच विषयावर जगात नियमित परिषदा भरतात. 'मेझरिंग बिहेविअर' या नावाची अशी परिषद १९९६ साली नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे प्रथम भरली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी युरोपातील निरनिराळ्या शहरांत भरत आली. व्हिडिओ कॅमेरे, संगणक प्रणाली, प्राण्यांच्या अंगावर बसवायचे संवेदक यांची तेथे चर्चा होते. अशा परिषदांचे वृत्तांत वाचून आपल्याकडे एक समज दृढ होतो. तो असा की, हे शास्त्र यंत्रांबरोबर जन्मले आणि ज्या महाविद्यालयाकडे यंत्रे नाहीत त्याला या क्षेत्रात काही करता येणार नाही. प्रस्तुत लेखात हा समज इतिहासाच्या आधारे तपासावयाचा आहे. त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. भोपाळ आणि त्याच्या भोवतीचा माळवा-बुंदेलखंडाचा प्रदेश पुरेसा आहे.

या प्रदेशाशी संबंध आलेला एक जुना निरीक्षक म्हणजे बादशहा जहांगीर. १६१७ साली तो माळव्यातील मांडू येथे मुक्कामास होता. आपल्या फारसी आत्मचरित्रात, 'तुझुक-ए-जहांगिरी'त, त्याने पाळलेल्या सारस पक्ष्यांच्या एका जोडीची हकिगत लिहिली आहे. या जोडीची नावे होती लैला आणि मजनू. त्यांचा समागम, घातलेली अंडी, अंड्यांवर कोण केव्हा बसते, दुसरा पक्षी कसा पहारा देतो, हे सर्व त्याने बारकाईने नोंदवले. जहांगीर शिकारी होता आणि शिकारीचा हिशेबही तो ठेवत असे. परंतु सारसांच्या बाबतीत त्याने बंदूक बाजूला ठेवली व पाहात राहिला. त्याचे साधन एवढेच : वेळ आणि लेखणी.

मुघल बादशहांच्या या निसर्गप्रेमावर इंग्रजीत सविस्तर लेखमाला लिहिली ती सालिम अली यांनी. १९२७-२८ च्या सुमारास ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेल्या सालिम अलींचे पालनपोषण मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी केले. आपण त्यांचा उल्लेख नेहमी अभिमानाने करतो. मात्र अभिमानाच्या भरात त्यांची पद्धत विसरली जाते, आणि खरा वारसा तर पद्धतीचा आहे.

त्याच सुमारास, १९२७ मध्ये, पवारांच्या धार संस्थानात सोसायटीने एक नवा प्रयोग सुरू केला. पाणथळीवर उतरणारी बदके पकडून त्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली धातूची कडी अडकवायची आणि पुन्हा सोडून द्यायची. भारतातील संघटित रिंगिंगची ही सुरुवात मानली जाते. कडीवर सोसायटीला कळवावे अशी सूचना असे. पक्षी दूर कोठे सापडला आणि सापडणाऱ्याने पत्र धाडले, तर त्याच्या प्रवासाची दोन टोके हाती लागत. हे तंत्र स्वस्त होते, पण ते अनोळखी माणसाच्या सद्भावावर अवलंबून होते. शिवाय दोन टोकांमधला मार्ग कडी सांगू शकत नव्हती.

पक्षी काय करतो आणि का करतो, या प्रश्नाकडे सालिम अली वळले ते माळव्यात नव्हे, तर कोकणात. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० साली ते परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली. झाडालगत शिडी उभी करून, वर कापडाचा आडोसा बांधून ते तासन्‌तास बसत. त्यातून जे निष्पन्न झाले ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. घरटे विणतो तो नर. अर्धवट घरटे तयार झाल्यावर मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर त्याचा ताबा घेते. मग नर ते पुरे करतो आणि शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. मराठीने या पक्ष्याला 'सुगरण' हे स्त्रीलिंगी नाव दिले आहे. उर्दू-हिंदीतला 'बया' पुल्लिंगी आहे. भाषेने केलेला तर्क आणि डोळ्यांनी घेतलेली नोंद यांत किती अंतर पडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. एवढा महत्त्वाचा शोध लावणाऱ्या साधनांत शिडी, कापड, दुर्बीण आणि वही यांपलीकडे फारसे काही नव्हते.

पुढे १९३८ मध्ये सालिम अली मध्य भारतात आले. ग्वाल्हेर, इंदूर, धार आणि भोपाळ या संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. भोपाळच्या गादीवर तेव्हा नवाब हमीदुल्ला खान होते. ह्यू व्हिस्लर यांच्यासह तयार झालेला तिचा अहवाल १९३९-४० मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीचे मुख्य साधन बंदूक होते. पक्षी मारून, कातडी भरून संग्रहालयात ठेवल्याशिवाय त्याची जात निश्चित मानली जात नसे. कोणता पक्षी कोठे राहतो, हे बंदुकीने कळले. तो कसा राहतो, हे मात्र सोबतच्या टिपणवहीनेच सांगितले.

स्वातंत्र्यानंतर रिंगिंगला मोठी चालना मिळाली ती एका रोगामुळे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाचा ताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला आणि स्थलांतरित पक्ष्यांनी गोचिडी आणल्या असाव्यात, असा संशय बळावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सोसायटीचा स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही; मात्र त्यांच्या प्रवासाची मोलाची माहिती जमा झाली.

कडीनंतरचा टप्पा म्हणजे रेडिओ आणि उपग्रह यांच्या कॉलरचा. पन्ना येथील वाघांची कथा त्याचे उत्तम उदाहरण आहे. २००९ मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हा येथून दोन वाघिणी आणल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये पेंच येथून टी-३ नावाचा नर आणला. थोड्याच दिवसांत तो पन्ना सोडून दक्षिणेकडे, आपल्या मूळ जंगलाच्या दिशेने चालू लागला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे पथक सुमारे महिनाभर त्याच्या मागावर राहिले. त्याने चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापले. अखेर त्याला बेशुद्ध करून परत आणण्यात आले. पण केवळ परत आणून तो टिकला असता का? अधिकाऱ्यांनी भोपाळच्या वनविहारातून वाघिणीचे मूत्र आणवून जंगलात शिंपडले, जेणेकरून वासाने नर-मादी जवळ यावेत. २०१० च्या एप्रिलमध्ये पन्नात बछडे जन्मले. वाघ कोठे आहे हे यंत्राने सांगितले. तो कशाने थांबेल हे वाघाच्या स्वभावाच्या जाणकारीने सांगितले.

याच राज्यात दुसरी बाजूही दिसली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनो येथे आणले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. सर्वांना उपग्रह कॉलर होत्या. २०२३ च्या पावसाळ्यात काहींच्या गळ्यावर कॉलरखाली जखमा आढळल्या आणि तपासणीसाठी कॉलर उतरवाव्या लागल्या. मृत्यूंच्या कारणांविषयी मतभेद झाले. परंतु बंदुकीइतके नसले तरी कॉलरचेही मोल प्राणीच चुकवतो, ही गोष्ट अभ्यासकाने विसरून चालणार नाही.

या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक साधनाने एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर दिले. बंदुकीने 'कोण', कडीने 'कोठून कोठे', कॉलरने 'आता कोठे'. 'काय करतो आणि का करतो' हा प्रश्न मात्र जहांगीरापासून पन्नापर्यंत धीराने पाहणाऱ्या डोळ्यांकडे आणि लिहिणाऱ्या हाताकडेच राहिला. यंत्र हवेच, पण प्रश्न नसेल तर यंत्र मुके राहते.

आपल्या समाजाच्या महाविद्यालयांना याचा अर्थ सरळ आहे. अनुदानाची वाट पाहण्यापूर्वी वही उघडता येते. भोपाळचा बडा तालाब अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला असे मानतात. २००२ पासून तो रामसर स्थळांच्या यादीत आहे आणि त्या परिसरात सारस आजही दिसतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणीच्या वसाहती लटकतात. विद्यार्थ्यांनी एक वसाहत निवडावी, तारीख, वेळ आणि दिसलेली कृती एवढेच लिहावे आणि हे तीन पावसाळे चालवावे. प्राणिशास्त्राच्या अध्यापकाने प्रश्न द्यावा, भाषेच्या अध्यापकाने पक्ष्यांची उर्दू-मराठी नावे आणि त्यांमागची समजूत गोळा करवावी. असे एखादे टिपण आपल्या नियतकालिकात छापले गेले, तर सालिम अलींच्या जयंतीला केलेल्या भाषणापेक्षा तो त्यांचा अधिक खरा गौरव ठरेल.