जमिनीखालचा शिशाचा पाईप कसा शोधतात? फ्लिंट शहर आणि मशीन लर्निंग

रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीपासून तुमच्या घरापर्यंत जो छोटा पाईप येतो, त्याला सर्व्हिस लाईन म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या शहरांत हे पाईप बऱ्याचदा शिशाचे असायचे. शिकागोत तर 1986 पर्यंत नियमच तसा होता! पण कुठल्या घराला कोणता पाईप आहे, हे खणल्याशिवाय दिसत नाही.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. पाईप गंजू नये म्हणून पाण्यात जे रसायन घालतात ते घातलं नाही, आणि शिसं पाण्यात उतरलं. लहान मुलांच्या मेंदूवर याचा परिणाम होतो.

पाईप बदलायचं ठरलं, पण नोंदी कुठे? जुन्या नकाशांवर आणि हाताने लिहिलेल्या कार्डांवर. त्यातल्या कितीतरी अपुऱ्या किंवा चुकीच्या. (जुन्या सिस्टीमचा डेटा ज्यांनी साफ केलाय त्यांना हे दुःख कळेल.) मग जेकब ॲबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ या प्राध्यापकांच्या टीमने मॉडेल बनवलं. घर कधी बांधलं, किंमत किती, ते कुठल्या भागात आहे, जुनी नोंद काय म्हणते, यावरून प्रत्येक घराला शिशाच्या पाईपची शक्यता दिली जायची. त्या घराबाहेर खणलं की खरं उत्तर मिळायचं, आणि ते परत मॉडेलला शिकवलं जायचं. मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

2017 मध्ये खणलेल्या घरांपैकी साधारण 70 टक्के घरांना बदलण्यासारखा पाईप सापडला. 2018 मध्ये काम नव्या कंत्राटदाराकडे गेलं आणि मॉडेलची यादी बाजूला पडली. दहा हजारांहून जास्त घरांबाहेर खणलं, पण सापडले सुमारे 15 टक्के. अर्थात, शेजारचं घर खणलं आणि आपलं का नाही, हा लोकांचा प्रश्नही खोटा नव्हता. कमी शक्यता म्हणजे शून्य शक्यता नाही ना!

आता अमेरिकेतल्या पाणी संस्थांना सर्व्हिस लाईनची यादी बनवणं बंधनकारक आहे, पहिली मुदत 16 ऑक्टोबर 2024 होती. त्यामुळे तिकडे शिकायला गेलेल्या तुमच्या मित्राने जुन्या घरात खोली घेतली असेल, तर त्याला शहराच्या पाणी विभागाच्या साईटवर पत्ता टाकून बघायला सांगा. ‘माहीत नाही’ असं आलं तर तळघरात, पाण्याच्या मीटरपाशी येणारा पाईप शोधायचा आणि किल्लीने हलकेच खरवडायचा. चंदेरी चमकला, मऊ लागला आणि चुंबक चिकटलं नाही, तर शिसं. चुंबक चिकटलं तर लोखंड-स्टील. तांब्याचा रंग तर ओळखीचाच. फोटो काढून पाणी विभागाला पाठवायचा, हात धुवायचे.

आणि हो, पाणी उकळून शिसं जात नाही. तसंच मीटरपाशी तांबं दिसलं म्हणून रस्त्याकडचा तुकडाही तांब्याचाच असेल असं नाही, तो वेगळा विचारून घ्यावा लागतो.